सात नंबरची बरणी

सोमवार, २२ नोव्हेंबर १९८२

चौकटीत बसत नाही! साडेचार वर्षांचं काम आणि ही एवढीशी चौकट. दोनशे शब्द. निळ्या रेघेबाहेर एक अक्षर गेलं तरी गोषवारा परत येणार, असं धारवाडच्या परिषदेवाल्यांनी फॉर्मवर छापलंय. सकाळपासून पाच कागद फुकट गेले. एकात ओळ बाहेर, एकात टाइपरायटरच्या रिबिनीचा डाग, एकात माझं स्वतःचंच आडनाव चुकलं.

सांगायचं आहे ते दोन वाक्यांत मावतं. काजूच्या टरफलाच्या तेलातून मी एक अंश वेगळा काढला. दहा लाख भाग पाण्यात त्याचा एक भाग टाकला तरी डासांच्या अळ्या चोवीस तासांत मरतात. बस! बाकीचे एकशे ऐंशी शब्द नुसते कपडे.

सरांना — माझे गाइड — दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून वाचला. मी ‘मे बी’ लिहिलं होतं, ते खोडलं. वर ‘कन्क्लुझिव्हली’ घातलं. म्हणाले, “संशोधकानं घाबरत बोलू नये, चंदना.”

परत टाइप. ‘कन्क्लुझिव्हली’ फार लांब शब्द आहे. त्याच्यासाठी दुसरे तीन काढावे लागले.

बुधवार, २४ नोव्हेंबर

टाकला पोस्टात. रजिस्टर्ड. पावती पेटीत ठेवली.

रविवार, ५ डिसेंबर

कोल्हापूरहून जयसिंगपूरला, घरी, जाऊन आले. आप्पा दुकानात होते. आव्वा दारातच उभी. हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, “आठवड्यात किती मारलीस गं?”

दर वेळी हेच. आधी मी चिडायचे. मग समजावून सांगायचे — आव्वा, हिवतापानं माणसं मरतात, पोरं मरतात. ती ऐकून घेते. मग म्हणते, “ते खरं. पण जीव हाय तो जीव हाय.” आव्वा पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. दिवे लागायच्या आत जेवण. आणि तिची पोरगी बरण्यांतून अळ्या मारते, मेलेल्या मोजते, वहीत मांडते!

आज मात्र भांडले नाही. म्हटलं, “दीडशे.” आव्वानं डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. माझ्यासाठी की अळ्यांसाठी, विचारलं नाही.

निघताना आप्पा म्हणाले, “परिषदेला गेलीस की आमचं नाव सांग हां. तवनाप्पाची पोरगी म्हणून.” धारवाडला आप्पांना कोण ओळखतं! पण हो म्हटलं.

सोमवार, २० डिसेंबर

आलं! स्वीकारलाय. पण भाषण नाही, ‘पोस्टर’. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला.

पोस्टर म्हणजे काय, हे आमच्या विभागात कुणालाच धड माहीत नाही. सर म्हणाले, “भिंतीला टांगायचं भाषण समज.” चार फूट बाय तीन फूट. दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे म्हणे. माझं अक्षर दहा इंचांवरूनही वाचता येत नाही.

आकाराम आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई. सव्वीस वर्षं इथंच. ते म्हणाले, “बाई, त्यात काय! आमच्या गल्लीत फक्रुद्दीन पेंटर हाय की. शिनेमाची ब्यानरं करतोय.”

गुरुवार, ३० डिसेंबर

फक्रुद्दीनचाचांकडे गेले. पत्र्याची शेड, भिंतीला एक नायिका अर्धी रंगवलेली, डोळे अजून व्हायचे होते. चाचांनी माझा कागद उलटा-सुलटा पाहिला.

“ह्यात व्हिलन कोण?”

“डास.”

“आन् हिरो?”

“तेल. काजूच्या टरफलाचं.”

“तेलाला तोंड कसं काढू, बाळ?”

खूप हसले. कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी कापडच घेतलं — कागद टिकत नाही म्हणे — आणि खडूनं रेघा आखल्या. तक्ता मधोमध. सहा रकाने. शेवटच्या, सगळ्यात कमी मात्रेच्या रकान्यात ‘शंभर टक्के’ लाल रंगात. मी सांगितलं, तोच आमचा मुद्दा आहे. जास्त विष घातलं तर काहीही मरतं. एवढ्या कमीत मरतात, हे नवं आहे.

वरच्या कोपऱ्यात त्यांनी विचारता विचारता एक डास काढून टाकला. केवढा! मिशीवाल्या दरोडेखोरासारखा बघतो. सरांना आवडणार नाही. मला आवडला.

शनिवार, ८ जानेवारी १९८३

परवा माझ्या कोपरानं सात नंबरची बरणी फुटली.

भाषणात एक ताजा आकडा असावा म्हणून शेवटची खेप लावत होते. स्टोअरमध्ये बरण्या नाहीत, मागणी घातली तर मार्च उजाडेल. धोंडुबाईंकडून — माझ्या खोलीच्या मालकीणबाई — मधाची रिकामी बाटली आणली, उकळली, सातच्या जागी ठेवली. त्यात सगळ्यात कमी मात्रा. पंचवीस अळ्या.

चोवीस तासांनी बाकीच्या पाच बरण्यांतल्या सगळ्या मेल्या. मधाच्या बाटलीत पंचवीसच्या पंचवीस वळवळताहेत.

तेल टाकायला विसरले असेन.

सोमवार, १० जानेवारी

विसरले नव्हते. पुन्हा टाकलं. अजून जिवंत.

शनिवार, १५ जानेवारी

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

महाद्वार रोडवरून सहा नव्या कोऱ्या बरण्या आणल्या. सहाही बरण्यांत कमी मात्रा. तीन दिवस. एकही अळी मेली नाही. दोन तर कोषात गेल्या, उद्या-परवा डास होऊन उडतील.

मग जुनी पाच नंबरची घेतली. आकारामनी सोड्यानं घासून, उन्हात वाळवून दिलेली. तिच्यात नुसतं पाणी भरलं. तेल नाही. काहीच नाही. नुसतं पाणी! त्यात पंचवीस अळ्या सोडल्या.

सकाळी सगळ्या तळाला.

बरणीच विषारी आहे. ते तेल काचेला धरून बसतं, सोड्यानं जात नाही, कशानं जात नाही. आज जास्त मात्रेची खेप, परवा त्याच बरणीत कमी मात्रेची — आणि आम्हाला वाटतं थेंबानं मारलं. मारलं ते काचेवर राहिलेल्यानं. तुलनेच्या साध्या पाण्याच्या दोन बरण्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवलेल्या. त्यांना कधी तेल लागलंच नाही. म्हणून त्यातल्या अळ्या कायम जगल्या, आणि आम्ही खूश!

बरण्याही सरांच्याच. त्यांचा एकोणऐंशीचा पेपर ह्याच बरण्यांवरचा.

जास्त मात्रेला मरतात, ते खरं आहे. पण तेवढं तेल विहिरीत ओतलं तर मासेही मरतील. त्याचा उपयोग शून्य.

साडेचार वर्षं. शून्य.

सोमवार, १७ जानेवारी

सरांना सांगितलं. वही समोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, सावकाश, एकेक. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत.

“परिषदेनंतर बघू.”

“सर, पण गोषवारा—”

“छापून झालाय तो. आता जा आणि बोलून ये. पाच मिनिटं तर आहेत.”

मी उभीच राहिले. तेव्हा म्हणाले, “जूनमध्ये मी रिटायर होतोय. मार्चला तुझी शिष्यवृत्ती संपते. हे दोन्ही लक्षात ठेव आणि मग मला सत्य शिकव.”

शेवटचं वाक्य फार हळू बोलले.

मंगळवार, १८ जानेवारी

जेवण जात नाही. धोंडुबाई म्हणाल्या, “तोंड का असं झालंय? कुणी मेलं व्हय?”



शुक्रवार, २१ जानेवारी

भाषणाची तालीम. आरशापुढे. “ही मात्रा निर्विवादपणे परिणामकारक आहे.” तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज छान लागला. खोटं म्हणायला आवाज लागतो, हे आज कळलं. किळस आली.

सोमवार, २४ जानेवारी

आकाराम दुपारी माझ्या टेबलापाशी आले. हातात टाइप केलेला कागद.

“बाई, एवढं वाचून दावा की. सरांनी सही करून आण म्हणून सांगितलंय. विंग्रजी हाय, मला न्हाई कळत.”

वाचला. सदर शिपायानं काचसामान वारंवार सूचना देऊनही नीट धुतलं नाही, हे त्याला मान्य आहे.

मी मराठीत सांगितलं. शब्दनशब्द. ते आपल्या हातांकडे बघत बसले. तेलानं त्यांच्याही बोटांची सालं गेलीत, माझ्यासारखीच.

“मी घासल्यात की, बाई. सोड्यानं घासल्यात, राखंनं घासल्यात. त्यो चिकटा जात न्हाई त्याला मी काय करू?”

“माहीत आहे मला.”

“आता दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी. पेन्शनीला धक्का लागंल का ह्यानं?”

लागेल म्हटलं. कागद घेतला आणि माझ्या वहीत ठेवला. “सही करू नका. सरांनी विचारलं तर चंदनाबाईंकडे आहे म्हणून सांगा.”

 

मंगळवार, २५ जानेवारी

सर बोलत नाहीत. व्हरांड्यात समोरून आले, खिडकीबाहेर बघत गेले.

रविवार, ३० जानेवारी

जयसिंगपूरला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

सगळ्या जुन्या वह्या काढल्या. दोनशे सात खेपा. दर खेपेला दीडशे अळ्या. एकतीस हजार पन्नास.

मी आव्वाला म्हणायचे, हे जीव माणसांसाठी जातात. कुठल्या माणसांसाठी? एका चुकीच्या आकड्यासाठी गेले. आव्वा निदान विचारत तरी होती. मी मोजत होते, पण विचारलं कधीच नाही.

सोडून द्यावं सगळं. दुकानात आप्पांच्या शेजारी बसावं. धारवाडला तार करावी — आजारी आहे, येत नाही. खोटं तरी लहानसं असेल.

तारेचा मजकूर लिहिला. पाच शब्द. हा मात्र पहिल्या फटक्यात चौकटीत बसला.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

तार केली नाही. का केली नाही, सांगता येत नाही. धैर्य वगैरे नाही. तो कागद वहीत आहे ना, आकारामांचा — मी गेले नाही तर सर तो पुन्हा टाइप करतील, एवढंच.

फक्रुद्दीनचाचांकडे गेले. पोस्टर तयार, भिंतीला टांगलेलं. लाल ‘शंभर टक्के’ रस्त्यावरून दिसतंय!

म्हटलं, “चाचा, शेवटचा रकाना चुकलाय. पुसायचाय.”

त्यांचा चेहरा पडला. “माझं चुकलं व्हय?”

“नाही. माझं.”

त्यांनी ब्रश बादलीत आपटला, कापडाजवळ गेले. “पांढरा मारला तर खालचं लाल वर येतंय बघ, बाळ. किती बी मार. त्यापरास असं करू. हे ठिवू तसंच. वरनं आडवी काट मारू आन् बाजूला बरोबर काय ते लिव्हू. आधी काय लिव्हलंतं ते बी लोकास्नी दिसूदे की.”

काळी जाड काट मारली. बाजूला शून्य काढलं. खाली मी सांगितलेलं वाक्य इंग्रजीत, एकेक अक्षर माझ्या कागदावरून बघत: हा परिणाम बरणीचा आहे, तेलाचा नाही.

“आता व्हिलन कोण?” त्यांनी विचारलं.



बुधवार, ९ फेब्रुवारी

सकाळची एस.टी. बेळगावपर्यंत, तिथून दुसरी. कापडाची गुंडाळी मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, “सतरंजी व्हय?” हो म्हटलं.

निघण्यापूर्वी सरांच्या खोलीत गेले होते. काय करणार आहे ते सांगितलं. पोस्टर उलगडून दाखवलं. त्यांनी काट बघितली. “जा,” म्हणाले. परवानगी होती की हाकलून देणं, अजून कळलेलं नाही.

गुरुवार, १० फेब्रुवारी, धारवाड

मोठा हॉल, चाळीसेक पोस्टरं. सगळ्यांची कार्डशीटवर, स्टेन्सिलनं काढलेली, नीटनेटकी. माझं एकटीचं कापडाचं. लांबून खरंच सिनेमाचं वाटत होतं.

दोन तास उभी होते. किती लोक आले? पाच. दोघं डासाकडे बघून हसले आणि पुढे गेले. एकानं जेवणाचा हॉल विचारला. एक वयस्कर गृहस्थ काट बघून थांबले, “रंगाऱ्याची चूक का?” म्हणाले. मी सांगायला लागले तोवर चहाची घंटा झाली.

एवढंच? ह्यासाठी महिनाभर जेवण गेलं नाही? खरं सांगायला आले आणि ऐकायलाच कुणी नाही! खोटं बोलले असते तरी कुणाला कळलं नसतं. तिथंच कापडाला डोकं टेकून रडावंसं वाटलं.

पाचवी आली ती सगळे चहाला गेल्यावर. माझ्याच वयाची, साधी साडी, खांद्याला शबनम. छातीला परिषदेचा बिल्ला नाही. पोस्टरकडे बघितलंच नाही तिनं. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीच का चंदना? जरा हात दाखवा तुमचे.”

मला कळेना. दाखवले.

“माझ्यासारखेच तर हायत,” ती म्हणाली. स्वतःचे पुढे केले. बोटांच्या पेरांवर तेच काळे डाग, जरा फिकटलेले, सोललेल्या कातडीचे तेच वण.

हाफिजा नाव. बेळगावची. सरांचा एकोणऐंशीचा पेपर वाचून तिनं तिकडे हेच काम घेतलं होतं. सगळं पेपरात लिहिलंय तसंच केलं. बरण्या मात्र नव्या. अळ्या मरेनात. तीन वर्षं मरेनात! तिचे गाइड म्हणाले, तुला हात नाही प्रयोगाचा. गेल्या वर्षी तिनं सोडून दिलं. आता एका शाळेत शिकवते. कार्यक्रमपत्रिकेत माझं शीर्षक बघितलं आणि रजा टाकून आली.

“बघायला आले की ज्यांच्या हातात मरतात त्यांचे हात कसे असतात.” हे बोलताना राग होता. खूप राग.

मी बाजूला झाले. म्हटलं, “वाचा.”

तिनं वाचलं. काट, शून्य, खालचं वाक्य. परत वाचलं. मग हॉलच्या जमिनीवर बसली, तशीच, भिंतीला टेकून. पदर तोंडाला लावला.

“तीन वर्सं,” ती म्हणाली. “अब्बांना पण वाटत हुतं की मला जमत न्हाई. मला पण वाटत हुतं.”

मी तिच्या शेजारी बसले.  माझे हात एकतीस हजारांचे, तिचे रिकामे. दोघींची चूक नव्हती, आणि दोघींचं गेलं. चहा संपवून लोक परत येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

पाच मिनिटं दिली होती. तीनच लागली.

बोलून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, “जे चुकलंय ते परिषदेत कशाला आणलंत?” मागून कुणीतरी हसलं. प्रश्न एकही नाही.

आप्पांचं नाव सांगायचं राहिलं. बरंच झालं.

हाफिजा सकाळच्याच गाडीनं गेली. शाळा होती.

सोमवार, १४ फेब्रुवारी

कोल्हापूर. सर रजेवर. आकारामनी चहा आणून ठेवला. जुन्या बरण्या त्यांनी पोत्यात भरून तोंड बांधलंय.

प्रबंध नाही. मार्चनंतर शिष्यवृत्ती नाही. धोंडुबाईंना खोली सोडते म्हणून सांगितलं.

बुधवार, १६ फेब्रुवारी

सरांनी बोलावलं. टेबलावर तीन आंतरदेशीय पत्रं, फोडलेली. तिन्हींवर पाठवणारीचं नाव हाफिजा. तिन्हींत सरांना एकच प्रश्न: माझ्या नव्या बरण्यांत अळ्या का मरत नाहीत? तिनं मला पत्रांबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

“दुसऱ्या पत्रानंतर मी स्वतः नव्या बरण्यांत करून पाहिलं,” सर म्हणाले. “ऐंशी साल. तुझं तेव्हा दीडच वर्ष झालं होतं.”

 म्हटलं, मला काम सोडायचं नाही, गाइड बदलून हवा. ते म्हणाले, अर्ज मीच भरतो. भरला. ‘कारण’ या शब्दापुढे लिहिलं — मार्गदर्शकाने खरे लपवले. खाली सही. तारीख.